बरणी फुटली, फोडली की फोडली गेली?

नमस्कार सर,

कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मागच्या लेखात मी पॅसिव्ह टाळा म्हणून उपदेश केला आणि माझ्याच लोणच्याच्या बरणीच्या कथेत 'त्यानं दार उघडलं', 'तिनं दिवा लावला' अशी कर्मणी वाक्यं ओळीओळीला, वर काळांची खिचडी.

कर्मणीचं नाही पटलं. 'तो दार उघडतो' करून बघा, लगेच कर्तरी, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणं बदलणारं. माणूस तोच, दार तेच, बदलला फक्त काळ. भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागं जातं (दार उघडलं, खिडकी उघडली) पण म्हणून कर्ता काही पळून जात नाही, आणि तेही टाळायचं तर माझ्या पात्रांनी नुसतं यायचं, बसायचं, फार तर चहा प्यायचा, कारण 'ती चहा प्यायली' असली मोजकीच वाक्यं कर्म असूनही कर्तरी! तुम्ही तर मराठी शिकवायचात, 'त्यानं दार उघडलं'ला पुस्तकात प्रधानकर्तृक कर्मणी म्हणतात, नावातच कर्ता प्रधान. मी टाळा म्हणालो ते 'त्याच्याकडून दार उघडलं गेलं', म्हणजे नवीन कर्मणी, ते इंग्रजी वळणाचं.

आणि खरी गंमत तर पुढंच आहे. पोरगा म्हणतो 'बरणी फुटली', आई म्हणते 'तू फोडलीस', आजी पाठीशी घालते, 'अगं त्याच्या हातून फुटली'. बरणी एकच, पण दोष कुणाचा ते प्रत्येकानं क्रियापदातच उरकलं. 'बरणी फोडली गेली' कोण म्हणेल? पंचनामा लिहिणारा हवालदार. (असलं एक वाक्य माझ्याकडून खरंच गेलंय, शेवटाकडे 'विचारपूस केली गेली', ते तुम्ही कसं सोडलंत?)

आता काळ. बरणी निसटते तिथं 'हात सुटतो, तेल पायावर येतं' असा वर्तमान मुद्दाम आणलाय, आपण कट्ट्यावर किस्सा सांगताना पण 'आणि तेवढ्यात काय होतं' असंच म्हणतो की, ते राहणार. पण आजीच्या परिच्छेदात तुम्ही बरोबर पकडलंत. 'आजी पहाटे उठे, चूल पेटवायची, मग जात्यावर बसे', हे ठिगळच झालंय, अर्धं पुस्तकी अर्धं बोलीतलं, आणि कथा दहा वर्षांचा पोरगा सांगतोय, त्याच्या तोंडी 'उठे' कुठून येणार. सगळं 'उठायची, पेटवायची, बसायची' करतो. 'विचारपूस'चं वाक्य पण काढतो, तिथं मामानं विचारलं एवढं बास.