पळसदेवचं देऊळ डिसेंबरात? पाण्यात शोधा

तुमच्या पोस्टमधलं सायकल राईडचं वर्णन झकास आहे, पण त्यातलं "डिसेंबरात भिगवणचे फ्लेमिंगो आणि पळसदेवचं पाण्यातलं देऊळ एकाच दिवसात" हे काही पटलं नाही बुवा. उजनी धरण 1980 च्या सुमारास भरलं तेव्हा पळसदेवचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि पळसनाथाचं देऊळपण, त्यामुळे पाऊस बरा झाला असेल तर डिसेंबरात काठावरून नुसता शिखराचा शेंडा दिसतो. मी असाच हौसेने गेलो होतो आणि बगळे मोजून परत आलो. देऊळ नीट बघायचं तर पाणी उतरल्यावर, एप्रिल-मे मध्ये. तेव्हा गाळ वाळून भेगा पडलेल्या असतात, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड) उघडे पडतात, आणि जुन्या घरांच्या जोत्यांमधून चालत जाता येतं. ऊन मात्र जीव काढतं, सकाळी नऊच्या आत उरकायचं.

आणि रोड बाईकवाल्यांना एक सांगायचं राहिलंय तुमचं, वेडी बाभूळ! हायवे सोडून काठाकडे वळलं की 25 एमएमचे बारीक टायर म्हणजे काट्यांना आमंत्रणच, मला तीन किलोमीटरात दोन पंक्चर, दुसरा काटा तर टायरच्या आत मोडून बसलेला, नखाने उकरून काढला नाहीतर नवी ट्यूबपण गेली असती. दोन ट्यूब न्याच. शिवाय हिवाळ्यात कारखाने चालू असतात, उसाच्या डबल ट्रॉल्या अख्खा रस्ता अडवतात आणि मागे धड लाईटपण नसतो, अंधारात निघणाऱ्यांनी जरा जपून.