खुलासा: ‘हलका’ कार्बन म्हणजे जीवाणूंचा पक्का पुरावा नव्हे

‘प्राचीन खडकात कार्बन-13 (कार्बनचा किंचित जड प्रकार) कमी सापडला, म्हणजे तिथे जीवाणू होतेच,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे 98.9 टक्के कार्बन-12 असतो, उरलेला जवळपास सगळा कार्बन-13. दोन्ही स्थिर आहेत, म्हणजे काळाबरोबर त्यांचं विघटन होत नाही. त्यामुळे यावरून खडकाचं वय निघत नाही. वय निघतं असंही अनेकांनी लिहिलंय, तेही चूक. कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवताना सूक्ष्मजीव हलका अणू, म्हणजे कार्बन-12, जास्त वापरतात, कारण त्याची अभिक्रिया किंचित वेगाने होते. म्हणून कित्येक सूक्ष्मजीवांच्या पेशींत कार्बन-13 दर हजारी वीस-तीस भागांनी कमी भरतो.

अडचण अशी, की तापलेल्या खडकात हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून कोणत्याही जीवाशिवाय बनलेली संयुगंही अशीच हलकी असू शकतात. ग्रीनलंडमधल्या अकिलिया बेटाचंच बघा. अ‍ॅपेटाइट या खनिजाच्या कणांतल्या हलक्या ग्राफाइटवरून 1996 साली तिथे 3.8 अब्ज वर्षांपूर्वीच्या जीवसृष्टीचा दावा झाला. पुढे तो खडक मुळात जीवांचे अवशेष साठवू शकणाऱ्या गाळाचा आहे का, इथूनच वाद पेटला!

म्हणून एकट्या आकड्यावर विसंबू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. खडकाची जडणघडण, तो किती तापला होता, सोबतच्या पायराइटमधलं (लोह-गंधकाचं खनिज) गंधक-34, म्हणजे गंधकाचा जड प्रकार, किती, हे सगळं शेजारी ठेवूनच तो आकडा वाचायचा असतो.