काब द रामला रविवार बघून नको, तिथी बघून जा

थंडी पडायला लागली की दक्षिण गोव्यातल्या काब द राम किल्ल्यापासून खोल्यापर्यंतच्या समुद्रकड्यावरच्या दिवसभराच्या भटकंतीच्या जाहिराती दिसू लागतात. बहुतेकांची तारीख रविवारची. इथेच पहिली चूक होते.

अमावस्या-पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साधारण ११-१२ला चढते. सकाळी किल्ला बघून निघालेला गट नेमका त्याच वेळी वाटेतल्या काकोळे किनाऱ्याच्या वाळूवर उतरतो. पुळण अरुंद झालेली, पायथ्याचे खडक पाण्याखाली, आणि कड्याला वळसा घालायची वाट बंद. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं, चढ-उतार कमी आणि ओहोटी दुपारच्या आसपास. वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता त्या दिवशीचाच बघावा.

दुसरा धोका वरचा. कड्याचा जांभा दगड उन्हावाऱ्याने कडक होतो, पण त्याच्याखाली मऊ चिकणमाती असते. पावसाचं पाणी फटींतून झिरपून ती धुऊन नेतं आणि वरची फरशी अधांतरी राहते. वरून काही कळत नाही. काठापासून निदान तीन-चार मीटर आत चाला, फोटोसाठीसुद्धा. नोव्हेंबरनंतर वाळलेलं गवत भेगा झाकतं आणि सड्यावरची, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या पठारावरची, बारीक गोल खडी उतरणीवर हरभरे पसरल्यासारखी सरकते. सँडल आणि फ्लोटर नकोत, खोल खाचांच्या तळाचे बूट हवेत.

किल्ल्याला तास-दीड तास द्या. १७६३च्या सुमारास पोर्तुगीजांनी तो सौंदेकर राजांकडून घेतला, पुढे तिथे तुरुंग होता, तो १९५५पर्यंत चालला. खंदक, गंजलेल्या तोफा, झाडोऱ्यात बुडालेला तट, सगळं बघण्यासारखं. तटावर मात्र चढू नका. पिंपळाची मुळं सांध्यात शिरून चिरे सुटे करतात, आणि समुद्राकडच्या बुरुजाचा सुटलेला चिरा माणसाला घेऊनच जातो. आतलं सांत आंतोनचं चर्च वापरातलं आहे, तिथे आरडाओरडा नको. (रामायणाची गोष्ट गाईड सांगेलच. न सांगता सोडणारा अजून जन्माला यायचाय.)

साडेसातला चालायला लागा. ११नंतर सड्यावर सावली नाही. माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसच्या दोन पुड्या. वाटेत भरून घेऊ हा हिशेब धरू नका. आठ जणांमागे एक गाईड ठीक, वीस जणांमागे एक म्हणजे नुसती मिरवणूक. काजूच्या बागांतून जाताना मालकाला विचारलेलं असावं. परतीची गाडी खोल्याला आधीच लावून ठेवा, दमलेल्या पायांनी संध्याकाळी उलट चालणं कुणाला जमत नाही.

पैसे भरण्याआधी गाईडला एवढंच विचारा: अर्ध्या वाटेत कुणाचा पाय मुरगळला तर रस्त्याला कुठून लागायचं? काकोळेच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्ही वाटा त्याने न अडखळता सांगितल्या पाहिजेत. नाही सांगितल्या तर दुसरा गाईड शोधा.