केळी खा आणि पोटॅशियम विसरा? थांबा जरा भाऊ

उन्हाळा लागला की हा मेसेज परत फिरायला लागतो, फॅमिली ग्रुपवर, शेतकरी ग्रुपवर, सगळीकडे. थोडक्यात असा: "पायाला गोळे, थकवा म्हणजे पोटॅशियम कमी. जळगाव-रावेरच्या केळीवाल्यांना हा त्रास होऊच शकत नाही. रोज दोन केळी, एक नारळपाणी, टेस्ट नको, औषध नको. साधं मीठ बंद करा, पोटॅशियमवालं वापरा." खाली हात जोडलेले आणि दहा जणांना पाठवा. बरं मंग, एकेक बघू.

"गोळे म्हणजे पोटॅशियम कमी." कधी असतं, बऱ्याचदा नसतं. भुसावळला पारा 45 वर गेला की घामातून मीठ म्हणजे सोडियम भरपूर जातं, पोटॅशियम त्यामानाने थोडंच. खरंच कमी झालं तर गोळ्यांपेक्षा अशक्तपणा जास्त खुपतो, उकिडवं बसलेला माणूस मांडीवर हात टेकल्याशिवाय उठत नाही, जिना चढताना मांड्या भरून येतात, पोट साफ होत नाही, छातीत धडधडतं. आणि थोडंसंच कमी असेल तर काहीच जाणवत नाही, म्हणून "टेस्ट नको" हे तर सगळ्यात चुकीचं. रक्तात पोटॅशियम 3.5 ते 5 (mmol/L) नॉर्मल, 2.5 च्या खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, घरी बसून केळी सोलायची वेळ नाही ती. ईसीजी लागतो.

"केळीवाल्यांना होऊच शकत नाही." हे वाचून मला हसूच आलं. केळीला पोटॅश म्हणजे पोटॅशियमचं खत कधी किती सोडायचं हे आपल्याकडे पोराटोरांना पाठ आहे, पण शरीराचा हिशेब वेगळा. पोटॅशियम कमी होतं ते बहुतेक वेळा खाण्यात नसल्यामुळे नाही, बाहेर गेल्यामुळे. जुलाब, उलट्या, आणि लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या. ठिबकची नळी फुटली असेल तर मोटर किती वेळ चालवता याला काय अर्थ आहे? घरात बीपीचं पाकीट असेल तर काढून बघा, नावाच्या शेवटी 'एच' असेल तर त्यात बहुतेक वेळा असलीच गोळी असते. पायाला सूज म्हणून फ्युरोसेमाइड (हीपण लघवी जास्त करणारीच गोळी) चालू असलेल्या आबांना दोन दिवस जुलाब झाले तर बागेत कितीही घड लटकू द्या, पोटॅशियम कमी होऊ शकतं. पण म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका हां, डॉक्टर डोस कमी करतात नाहीतर गोळी बदलतात.

"दोन केळी, एक नारळपाणी." मध्यम केळ्यात साधारण 400 मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला दिवसाला लागतं 3500 च्या आसपास. बाकीचं डाळ, बटाटा, पालेभाजी, दही, वांग्याचं भरीत यातूनच येतं, म्हणजे आपलं रोजचं जेवण वाईट नाहीच. केळी खाऊ नका असं कोण म्हणतंय! पण उलट्यांमध्ये पोटॅशियमसोबत क्लोराइडपण जातं आणि केळ्यातलं पोटॅशियम क्लोराइडच्या रूपात फारसं नसतं, म्हणून डॉक्टर पोटॅशियम क्लोराइडचं ते खारट-कडवट सिरप देतात, जेवणानंतर ग्लासभर पाण्यात मिसळून घ्यायचं, नुसतं घेतलं की पोटात जळजळतं. शिवाय मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही द्या, लघवीवाटे जातच राहतं. वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांमध्ये मॅग्नेशियम असं कमी सापडू शकतं. जुलाबात मात्र सरळ ओआरएस, पाकिटावर एक लिटर लिहिलंय तर एक लिटरच पाणी, ग्लासात अर्धं पाकीट नको.

आता ते मीठ. माझा खरा राग याच्यावर आहे. "कमी सोडियमचं" म्हणून जे विकतात त्यात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइडच असतो. धडधाकट माणसाची किडनी जास्तीचं बाहेर टाकते. पण किडनी खराब असलेल्याला, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन (बीपी-हृदयाच्या या गोळ्या पोटॅशियम शरीरात धरून ठेवतात) घेणाऱ्याला हे मीठ, वर नारळपाणी, वर केळी दिली तर पोटॅशियम उलट वाढू शकतं, आणि फार वाढलेलंपण हृदयच बंद पाडू शकतं. अशा घरात मीठ बदलण्याआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि इलेक्ट्रोलाइट्सचा (सोडियम-पोटॅशियमचा) रिपोर्ट काढून डॉक्टरला दाखवा, आणि कोणाला धडधड, चक्कर किंवा उठताच येईना असं झालं तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा.