प्रेरी डॉगची दुसरी बाजू पण लिहा
तुमच्या लेखात म्हटलंय प्रेरी डॉग (नावात डॉग असलं तरी हे उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळावर बिळांत राहणारे खारीच्या जातीचे प्राणी) गवत फस्त करतात आणि कुरणाचं वाटोळं होतं, पण हे अर्धंच खरं आहे हो. आम्ही अमेरिकेत साउथ डकोटात बॅडलँड्स नॅशनल पार्कला रॉबर्ट्स प्रेरी डॉग टाउनपाशी दोन सकाळी नुसतं बसून बघितलं, उंच गवत ते खायलाच नाही तर मुद्दाम कुरतडून टाकतात म्हणजे कोयोट (कोल्ह्यासारखा शिकारी प्राणी) लांबून दिसावा, आणि मग तिथे जे कोवळं फुटतं त्यात प्रोटीन जास्त म्हणून बायसन (तिकडचे रानगवे) पण तिथे चरायला येतात. एक प्रेरी डॉग मागच्या पायांवर उभा राहून मान मागे टाकून ओरडला की शेजारचे पण तसंच करतात, लाटच जाते वसाहतीतून, अंगावर काटा आला! रिकाम्या बिळांत छोटी घुबडं राहतात. काळ्या पायांचं फेरेट (मुंगसासारखं दिसणारं लांबट शिकारी जनावर) तर जवळपास प्रेरी डॉग खाऊनच जगतं, संपलं संपलं म्हणत होते ते १९८१ ला वायोमिंगमध्ये मीटीत्सीजवळ परत सापडलं. २००८ ला बॅडलँड्सशेजारच्या कोनाटा बेसिनमध्ये प्लेग शिरला, प्रेरी डॉगच्या कितीतरी वसाहती ओस पडल्या. एवढं सोसलेल्या प्राण्याला कुरण वाचवायच्या नावाखाली वर विष घालायचं? प्लीज, लेखात हे पण टाका.