निधी सापडला

आमचे विभागप्रमुख ‘निधी’ हा शब्द दिवसातून दहादा उच्चारतात. पुढे ‘नाही’ असतं. “मॅडम, निधी नाही, पण परिषद राष्ट्रीय झाली पाहिजे!” विषय पुरातत्त्व. संयोजक मी, कारण बैठकीला उशिरा पोचलेली मी एकटीच होते.

नाशिकला यायला कोण नाही म्हणेल, असं वाटलं होतं. पांडवलेणी आहेत, १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी खणलेली गोदाकाठची मातीची गढी आहे, वर मिसळ आहे. सगळे म्हणालेही, “येतो की!” आणि मग हळूच, “फक्त सकाळचं सत्र द्या. चाकणला अडकलो की रात्र तिथेच.” जेवणानंतरचं सत्र कुणालाच नको. शेवटी ते गंगापूरजवळच्या दगडी हत्यारांच्या गळ्यात मारलं. हजारो वर्षं थांबलीत, आणखी तासभर थांबतील.

खरी फजिती दायमाबादने केली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या प्राचीन वसाहतीच्या जागी १९७४ साली ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. एका सरांच्या मते ते उत्तर हडप्पा, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या काळातले, दुसऱ्या सरांच्या मते त्या धातूतलं आर्सेनिक बघता बरेच नंतरचे. मी दोघांनाही एकाच सत्रात घालून मोकळी झाले. मतांमध्ये काही शतकांचं अंतर, खुर्च्यांमध्ये दीड फुटाचं. लगेच पहिल्या सरांचा फोन, “आधी कोण बोलणार?”

“कालक्रमाने लावलंय, सर.”

“कुणाच्या?”

त्यानंतर मी चार दिवस फोन सायलेंटवर ठेवला.

पैशांचं म्हणाल, तर पांडवलेण्यांतल्या लेणी क्रमांक १० मध्ये क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले आणि व्याजातून भिक्षूंच्या चीवरांची, म्हणजे वस्त्रांची, सोय लावली. आमच्याकडे ठेव नाही, व्याज नाही आणि वक्त्यांना शाल तर हवी! ती कशीबशी जमली. स्मृतिचिन्हं मात्र विभागप्रमुखांनी स्वतः शोधून काढली. वाणिज्य विभागाच्या जीएसटी परिसंवादातली डझनभर उरली होती. शिपाईमामांनी त्यांवर आमच्या नावाचे स्टिकर चिकटवले. लांबून बघितलं तर सुबक दिसत होती.

नाणेशास्त्राचे सर बोलले मात्र झकास. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात, जोगळटेंभीला चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली, सगळी नहपानाची. अशा एकत्र सापडलेल्या साठ्याला नाणेशास्त्रात ‘निधी’ म्हणतात. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. “नाणं वितळवायचं नाही, नुसता वरून ठसा! पण नीट बघितलं, तर खालचा नहपान दिसतोच,” सर म्हणाले. मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. पुढे काय वाढून ठेवलंय ते तेव्हाही लक्षात आलं नाही.

सत्कार झाला. सरांनी स्मृतिचिन्ह हातात घेतलं, उजेडाकडे तिरपं धरलं, खिशातून भिंग काढलं. नखाने कोपरा जरा उचलला.

“जी… एस… टी,” त्यांनी सावकाश वाचलं. चेहरा उजळला. “मॅडम, अशी अजून किती आहेत?”

“अकरा,” मी पुटपुटले.

“अहो, मग हा तर निधीच सापडला!”

व्यासपीठाच्या त्या टोकाला विभागप्रमुखांनी झटकन मान वळवली. “कुठे? किती?”