‘लिंटल म्हणजे पैशाची नासाडी’ म्हणणाऱ्यांना

घरकुलांची कामं सुरू झाली की गावातल्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. वर चंद्रपूरच्या जटपुरा गेट या जुन्या वेशीचा फोटो आणि खाली मजकूर: “आपल्या पूर्वजांनी लोखंड न वापरता कमानी बांधल्या, आजही उभ्या आहेत. मधला दगड सगळा भार धरतो. भिंत स्वतःच कमान धरते, शिवाय खाली चौकट असतेच. लिंटल ही सिमेंटवाल्यांची लूट. टाकायचंच तर सळाख वरच्या अंगाला टाका, वजन वरूनच येतं.” लिंटल म्हणजे दार-खिडकीच्या वर टाकतात ती काँक्रीटची आडवी तुळई. या मेसेजवरून मालक मिस्त्रीशी भांडतो, मिस्त्री मालकाशी. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

पूर्वजांच्या कमानी उभ्या आहेत, यात वाद नाही. पण त्या फोटोत कमानीकडे नको, तिच्या दोन्ही अंगांना पाहा. कमान भार नाहीसा करत नाही, वळवते. वरचं वजन दगडातून दगडात सरकत पायथ्याशी येतं, तेव्हा ते नुसतं खाली दाबत नाही, बाहेरही रेटतं. लिंटल फक्त खाली दाबतं. हा आडवा रेटा कमानीचाच. वेशीच्या कमानीला तो घ्यायला दोन्ही बाजूंना जाडजूड दगडी तट आहे. तुमची खिडकी घराच्या कोपऱ्यापासून दीड फुटावर असेल, तर नऊ इंची भिंतीच्या त्या तुकड्यानं कोणाच्या भरवशावर तग धरायचा?

त्यात आजकाल कमान हवी असते ती चपटी, दिसायला देखणी. चार फुटी खिडकीवर दोन फूट उंचीची अर्धगोल कमान आणि त्याच खिडकीवर अर्धा फूट उंचीची चपटी कमान घ्या. भार तोच, पण चपटीचा आडवा रेटा जवळपास चौपट. आणि खाली आपली काळी जमीन, पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल अशी भेगाळणारी. पाया उथळ असला की भिंत तिच्यासोबत हलते. कमानीचे पाय थोडे जरी फाकले, तर माथ्याशी खालच्या अंगानं भेग उघडते आणि दोन्ही खांद्यांशी वरच्या अंगानं. अशी कमान लगेच कोसळत नाही, भेगा घेऊनही पुष्कळ वर्षं उभी राहते, आणि म्हणूनच लोक निर्धास्त राहतात.

बरं, पूर्वज फक्त कमानीच बांधत होते, हेही चूक. वैनगंगेकाठचं मार्कंड्याचं देऊळ पाहा, लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ पाहा. तिथे खांबांवर आडव्या दगडी तुळया आहेत, म्हणजे तत्त्वानं लिंटलच. खांब इतके जवळजवळ का, ते तिथे उभं राहिलं की कळतं. दगड दाब कितीही सोसतो, ताण मात्र फार थोडा. लांब तुळई स्वतःच्याच वजनानं खालून तडकेल, हे त्या कारागिरांना माहीत होतं.

म्हणजे कमान वाईट, असं अजिबात नाही. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात विटांच्या कमानी वापरून कितीतरी घरांत लिंटलचा खर्च वाचवला. बाजूला पुरेशी भिंत आणि हाताशी जाणता मिस्त्री असेल, तर खुशाल बांधा.

मधल्या दगडाचं प्रकरण लवकर संपतं. तो बसेपर्यंत कमान सेंट्रिंगवर, म्हणजे खालच्या तात्पुरत्या आधारावर असते, म्हणून त्याचा एवढा बडेजाव. प्रत्यक्षात दाब सर्वांत कमी माथ्याशी असतो; खाली येताना प्रत्येक दगडाचं आणि वरच्या बांधकामाचं वजन त्यात मिळत जातं, म्हणून सर्वांत जास्त दाब पायथ्याच्या दगडांवर. टोकदार कमानीत तर कित्येकदा शेंड्यावर दगड नसतोच, नुसता सांधा असतो.

‘भिंत स्वतःच कमान धरते’ हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच जास्त घातक. जुन्या घराची चौकट काढली की वरच्या विटा साधारण त्रिकोणात निखळतात आणि बाकी भिंत राहते, हे पुष्कळांनी पाहिलंय. लिंटलचा हिशेबही त्याच त्रिकोणावर होतो. तीन फुटी दरवाजा आणि नऊ इंची भिंत धरली, तर त्रिकोणातल्या विटांचं वजन भरतं जेमतेम दीडशे-पावणेदोनशे किलो. मग घाबरायचं कशाला? कारण हा हिशेब तेव्हाच चालतो, जेव्हा त्रिकोणाच्या वर अजून बरीच भिंत असते आणि दोन्ही बाजूंनाही ती अखंड असते. आपल्या दहा फुटी खोलीत सात फुटांवर दरवाजा संपतो. लिंटल धरून वर उरतात तीन फूट, आणि त्रिकोणाचं टोक थेट स्लॅबला भिडतं. म्हणजे स्लॅबचा भारही हिशेबात आला. शिवाय तो निखळणारा त्रिकोण खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडतो, हे मेसेजवाले सांगत नाहीत.

चौकट भार पेलत नाही, पेलू नये. जुन्या वाड्यांत दरवाजांवर सागाच्या जाड तुळया भिंतीत खोल घुसवलेल्या असत. आजच्या चौकटीचं लाकूड ते नव्हे. भार आला की पल्ला घासतो, आणि उधई लागली की तेवढाही आधार गेला.

आता सळाख. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वाळलेली काडी दोन्ही टोकांना टेकवून मधे दाबा, आधी खालची बाजू फाटते. लिंटलचंही तसंच, वरून दाब आणि खालून ताण. काँक्रीट दाब घेतं, ताण घेत नाही. म्हणून मुख्य सळाखा खालच्या अंगाला. पण अगदी फळीला टेकवूनही नाही. खाली कव्हर ब्लॉक, म्हणजे छोटे ठोकळे, ठेवून वीस-पंचवीस मिलिमीटर काँक्रीट सळाखेखाली गेलं पाहिजे, नाहीतर गंज चढून पापुद्रे सुटतात. दोन्ही टोकं भिंतीवर किमान सहा इंच टेकलेली हवीत.

गोंधळ उडतो तो छज्जामुळे, आणि मेसेजमधला ‘वरच्या अंगाला’ बहुधा तिथूनच आला असावा. छज्जा एकाच बाजूनं धरलेला, बाहेर लोंबणारा. त्याच्यात ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून त्याची मुख्य सळाख वर हवी आणि ती लिंटलच्या आत नीट अडकवलेली हवी. दोन्हींची ढलाई एकाच वेळी होते, एकाच मिस्त्रीच्या हातून. घमेलं घेऊन चालणाऱ्याचा पाय छज्जाच्या जाळीवर पडला की सळाख खाली बसते. वरून काँक्रीट पडलं की कोणाला दिसत नाही. म्हणून ढलाईच्या दिवशी मालकानं तिथं उभं राहावं आणि जाळी खाली दबली की तिथल्या तिथे उचलायला लावावी.